टिमकी आणि सनई

आपल्या भाषेत दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात आणि दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. एक म्हणते, उथळ पाण्याला खळखळाट फार. दुसरी म्हणते, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. पहिली म्हण शाळेत शिकवतात. दुसरी शिकवावी लागत नाही, बाजारात एक चक्कर मारली की कळते. आज मला या दोघींच्या भांडणाबद्दल बोलायचं आहे, पण गाण्या-वाजवण्याच्या अंगानं. कलावंतानं स्वतःची टिमकी स्वतःच वाजवली, तर जाणकारांच्या मनातलं त्याचं स्थान हलतं का? आणि हलत असेल तर नेमकं कशामुळं?

टिमकी हे वाद्य यात विनाकारण बदनाम झालं आहे, हे जाता जाता सांगून टाकतो. हलगीच्या जोडीला टिमकी नसेल तर ती हलगी पोरकी वाटते. पण म्हण एकदा रूढ झाली की वाद्याला कोण विचारतो!

मी राहतो माळेगाव बुद्रुकला. बारामतीहून नीरेकडे निघालं की लगेच लागणारं आमचं गाव. ऊस, कालवा आणि साखर कारखाना ही आमची ओळख. अशा गावात शास्त्रीय संगीताचे दर्दी कुठून असणार, असं पुण्याच्या माणसाला वाटतं. आहेत. मोजून सहा आहेत. त्यातले एक कारखान्याच्या काट्यावर क्लार्क होते, आता निवृत्त झाले. एकांचं शिलाईचं दुकान आहे. एक शाळेत चित्रकला शिकवत. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव, जो भीमसेन जोशींनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, तो भरतो डिसेंबरात. आणि डिसेंबर म्हणजे गळिताचा भर हंगाम. त्या दिवसांत काट्यावरच्या माणसानं रजा मागणं म्हणजे लग्नघरातून आचाऱ्यानं उठून जाण्यासारखं. पण आमच्या क्लार्कसाहेबांनी ती दरवर्षी मागितली आणि बहुतेक वेळा मिळवली. ध्वनिक्षेपकाचे नियम कडक होण्याआधी तो महोत्सव रात्रभर चाले. हे गृहस्थ सकाळच्या पहिल्या एस.टी.नं परत येऊन थेट काट्यावर बसत.

या सहा जणांचं मत मी गेली तीस वर्षं ऐकत आलो आहे आणि एक गोष्ट मला पक्की दिसली आहे. ते कलावंताचं वाजवणं ऐकण्याआधी त्याची निमंत्रणपत्रिका वाचतात. पत्रिकेत नावाआधी ‘स्वरसम्राट’ असलं की शिंपीदादा चष्मा काढून पुसायला घेतात. मग तो बिचारा कसाही वाजवो, त्याला पहिला तासभर काही केल्या माफी नसते. ‘हात बरा आहे हो, पण...’ असं सुरू झालं की समजावं, पत्रिका आडवी आली.

हा हट्ट आपल्याकडंच आहे असं नाही. माझा एक भाचा पुण्यात नोकरी करतो आणि गिटार वाजवतो. त्याला नाद आहे तो फ्लामेंकोचा. फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांतातलं, मुख्यतः जिप्सींच्या वस्त्यांतून वाढलेलं गाणं, नाच आणि गिटार. त्यातलं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उरुसातली रात्र दोन वाजताची कव्वाली आठवली. आवाज तसाच फाटलेला आणि तसाच भरलेला. पुढं मी आपला आपण ऐकत गेलो आणि एक दिवस भाच्याला मोठ्या ऐटीत सांगितलं की मला एक वादक फार आवडला, मानितास दे प्लाता. तो हसायला लागला. म्हणाला, ‘‘मामू, आमच्या मंडळींसमोर हे नाव घेऊ नका. चहासुद्धा मिळणार नाही.’’

हा मानितास कोण? खरं नाव रिकार्दो बालियार्दो. जन्म १९२१ चा, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेत गावी, जिप्सींच्या फिरत्या गाडीत. मानितास दे प्लाता म्हणजे ‘चांदीचे इवले हात’. घ्या, म्हणजे टिमकी नावातच आली. तिकडं समुद्रकाठी एका गावात दर मे महिन्यात जिप्सींची मोठी जत्रा भरते, काळ्या सारा नावाच्या त्यांच्या संतीणीची. त्या जत्रेत हा वाजवायचा. जँगो राइनहार्ट हा थोर जिप्सी गिटारवादक १९५३ साली वारला, तेव्हा त्याच्यानंतर दहा वर्षं आपण जाहीर वाजवायचं नाही असं यानं ठरवलं होतं, असं सांगतात. खरं असेल तर केवढा अदब! आणि मग १९६०च्या दशकात जो काही उजेड पडला तो डोळे दिपवणारा. अमेरिकेतून लोक येऊन त्याच्या तबकड्या करून घेऊन गेले. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. पिकासोनं त्याचं वादन ऐकून, हा माझ्याहून मोठा, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि त्याच्या गिटारीवर चित्र काढलं, ही गोष्ट तर जिथं तिथं सांगितली गेली. जगभर त्याच्या तबकड्या कोट्यवधींनी खपल्याचं सांगतात.

आणि फ्लामेंकोचे खरे दर्दी, ज्यांना स्पॅनिशमध्ये आफिसिओनादो म्हणतात, ते मात्र मान फिरवून बसले. त्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. फ्लामेंकोत तालाच्या आवर्तनाला कोम्पास म्हणतात. सोलेआ नावाचा त्यांचा एक भारदस्त प्रकार आहे, तो बारा ठोक्यांचा. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण त्यांचा जोर पडतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या ठोक्यावर. हे आवर्तन त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की टाळ्या वाजवणारी म्हातारीसुद्धा चुकत नाही. मानितास तिथं मनाला येईल तसं करी. बोटं विजेसारखी, पण आवर्तन मध्येच लांबे, मध्येच आखडे. आपल्या भाषेत सांगायचं तर सम सुटायची. आणि ज्याची सम सुटते त्याला साऱ्या जगात फ्लामेंकोचा मुखत्यार म्हणून मिरवलं जातंय, ही गोष्ट त्यांना सहन होईना. भाचा म्हणाला, ‘‘पिकासोला रंगातलं कळत होतं मामू. तालातलं त्याला कुणी विचारलं होतं?’’

मी त्याला म्हटलं, नाव विसर आणि डोळे मिटून ऐक. त्याला एक रुम्बा ऐकवला. रुम्बा हा चार ठोक्यांचा साधा, नाचरा प्रकार, त्यात कोम्पासची एवढी झोंबाझोंबी नसते. तो ऐकून भाचा गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘हात चांगलाच आहे.’’ पण लगेच पुढं, ‘‘एवढा बोलबाला झाला नसता तर आम्ही प्रेमानं ऐकलं असतं.’’

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होतो. हाताबद्दल तक्रार नाही, तक्रार बोलबाल्याबद्दल आहे. म्हणजे बोलबाल्यानं काहीतरी बिघडवलं. काय बिघडवलं?

मला त्याचं उत्तर आमच्या उसाच्या फडात सापडलं. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. उचल म्हणजे करायच्या कामाचे आगाऊ पैसे. एकदा उचल घेतली की कोयत्याचा प्रत्येक घाव त्या पैशांच्या हिशोबात जमा होतो. मुकादम फडाच्या कडेला उभा राहून मोळ्या मोजत असतो. त्याला ऊस कसा तुटतोय याचं कौतुक नसतं, त्याला वसुली करायची असते. आता दाद ही कलावंताची मजुरी आहे. ती काम झाल्यावर मिळते, ऐकणाऱ्याच्या हातून आणि त्याच्या खुशीनं. ‘मी सम्राट आहे’ असं आधीच सांगणारा कलावंत या दादेची उचल घेतो. तो मंचावर येऊन बसतो तेव्हा समोरचा दर्दी रसिक राहिलेला नसतो, मुकादम झालेला असतो. मोळ्या मोजत बसतो. एरवी ज्या जागेला त्यानं मान डोलावली असती, तिथं तो म्हणतो, हे तर द्यायचंच होतंस, पुढं?

साध्या श्रोत्याला हा त्रास नसतो. त्याला सम्राट म्हटलेलं बरंच वाटतं, तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. म्हणून जाहिरातीनं गर्दी वाढते हे खरं, आणि पुढच्या रांगेतली सहा माणसं दुरावतात हेही खरं.

पण मग काही जण यातून सुटतात कसे? मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब घ्या. १८७२ साली उत्तरेत कैराना गावी जन्मलेले, पण आयुष्य घालवलं आपल्याकडं. त्यांना प्रसिद्धीचं वावडं नव्हतं. ग्रामोफोनच्या तबकड्या इकडं नव्यानंच निघू लागल्या तेव्हाच, गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, त्यांनी आपला आवाज त्यात भरून दिला. त्या काळी कितीतरी उस्ताद त्या भोंग्याला भूतबाधेसारखे घाबरत होते. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि ते चालवायला तिकीट लावून जलसे केले. खानदानी गाणं आणि तिकीट, ही जोडी तेव्हा बऱ्याच जणांच्या पचनी पडणारी नव्हती. आणि हे कमी पडलं म्हणून की काय, त्यांनी एक कुत्रा गाण्यात तयार केला होता. टिपू मियाँ त्याचं नाव. सुरात सूर लावणारा कुत्रा लोकांसमोर आणून बसवायचा! आजच्या काळात कुणी हे केलं असतं तर आमच्या सहा जणांनी त्याला गावच्या वेशीवरूनच परत पाठवला असता.

आणि तरी खाँसाहेबांच्या सुराला नाव ठेवणारा दर्दी मला भेटलेला नाही. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा भीमसेन नावाचा मुलगा घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविलच्या रेल्वे फलाटावर खाँसाहेबांनी देह ठेवला, आणि माती मिळाली ती मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. तिथं उरुसात त्यांच्या नावानं संगीतसभा होते. मी गेलो आहे. तिथं टिपू मियाँची आठवण कुणी काढली तर ती हसून, लाडानं काढतात. सगळी उचल व्याजासकट फिटली आहे, असा तो सूर.

खाँसाहेबांच्या आधीचे रहिमतखाँ तर सर्कशीबरोबर हिंडत. हद्दूखाँसारख्या ग्वाल्हेरच्या दिग्गजाचे चिरंजीव. अफूनं आणि भ्रमिष्टपणानं वाया चाललेल्या या माणसाला विष्णुपंत छत्र्यांनी सांभाळलं. छत्रे म्हणजे भारतातल्या पहिल्या सर्कशीचे मालक, आणि स्वतः हद्दूखाँचे शागीर्द. घोडे, वाघ, झुले आणि रहिमतखाँचं गाणं, असा तो लवाजमा. जाहिरात होती, पण ती करणारा दुसरा होता. गाणाऱ्याला स्वतःचीच शुद्ध नव्हती, तर तो कसली टिमकी वाजवणार! ‘भूगंधर्व’ ही पदवी लोकांनी दिली. १९२२ मध्ये कुरुंदवाडला त्यांचा अंत झाला, आणि सर्कशीत गायले म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं नाही.

आमच्या बारामतीचा दाखलाही असाच. मोरोपंतांनी बारामतीत बसून आर्या रचल्या. त्या गावोगाव गेल्या त्या मुख्यतः सोलापूरच्या राम जोशींच्या कीर्तनातून. लावण्या करणाऱ्या शाहिरानं पंडिताच्या आर्या खांद्यावर घेऊन फिरायचं, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? पण ती दुसऱ्याच्या तोंडून झाली. म्हणून पंत पंतच राहिले.

आता कुणी म्हणेल, मग तुम्हा कवींचं काय? तुम्ही तर शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालता. बरोबर आहे. उर्दूत शायरानं स्वतःची थोरवी स्वतःच्या शेरात गाण्याला ‘तअल्ली’ असं नावच आहे. गालिबनंही ते केलं आहे आणि कुणाला ते टोचलं नाही. आपले शाहीर तर त्याहून पुढचे. सगनभाऊ हा पेशवाईच्या अखेरचा मोठा लावणीकार. जेजुरीचा, मुसलमान, धंदा शिकलगारीचा, म्हणजे तलवारींना धार लावण्याचा. पुण्यात त्याचं नाव गाजलं. होनाजी बाळाच्या फडाशी त्याची चुरस होती असं सांगतात. लावणीच्या शेवटी शाहीर नाममुद्रा टाकतो, कधी गुरूचं नाव, कधी गावाचं, मग स्वतःचं. कलगीतुऱ्याच्या झगड्यात तर उघड उघड स्वतःला डोक्यावर घेतो आणि समोरच्याला पायाखाली. पण लक्षात घ्या, समोरचा तिथंच बसलेला असतो. तुम्ही बढाई मारली की पुढच्याच क्षणी त्याचा सवाल येतो आणि ऐकणारे ताडकन निवाडा करतात. ती उचल त्याच रात्री फेडावी लागते. शेरातल्या तअल्लीचंही तसंच. शेर फसला तर बढाई त्याच्यासकट तोंडावर आपटते. चौकात टांगलेल्या फ्लेक्सला असा सवाल कोण करणार? तो पावसाळा येईपर्यंत नुसता हसत उभा असतो.

दर्दी लोकांना नम्र कलावंत आवडतात, असंही एक गोड मत आहे. मला ते पटत नाही. केसरबाई केरकर नम्र होत्या असं त्यांचं नाव घेणारा एकही माणूस म्हणणार नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. बिदागी चोख मागत. आपलं गाणं कुणी उचलू नये म्हणून जपत. रेडिओवर गायला त्या तयार नसत, आणि हे मी रेडिओवरूनच सांगतो आहे याची मला जाणीव आहे. त्यांचा तोरा दर्दी लोकांनी नुसता सहन केला नाही, त्याच्या गोष्टी करून ठेवल्या. कारण तोरा आणि टिमकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोऱ्यात ‘मला तुमची गरज नाही’ असं असतं. टिमकीत गरजही असते आणि मोठेपणाही असतो, आणि ते दोन्ही एका पत्रिकेत मावत नाहीत. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला अमेरिकेचं व्हॉयेजर यान अवकाशात झेपावलं, आणि त्याच्या सोनेरी तबकडीत जगभरच्या निवडक संगीताबरोबर त्यांची भैरवी आहे. आता ती सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडं गेली आहे. जिनं रेडिओ नाकारला तिचा आवाज इतका लांब गेलेला आहे. याला म्हणतात नशीब.

रेडिओचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. आकाशवाणीवर कलावंतांची पारख करायची जी पद्धत १९५०च्या दशकात रुळली, तिच्यात ऐकणाऱ्या समितीला नाव सांगत नाहीत. नुसता आवाज. त्यावरून बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी. तेव्हा भल्याभल्यांना ही परीक्षा अपमानाची वाटली होती आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. पण माझ्या भाच्याला डोळे मिटायला सांगताना माझ्या मनात तीच पद्धत होती. गंमत पुढंच आहे. ज्या परीक्षेत नावाला किंमत नव्हती, ती पास झाल्यावर पहिलं काम काय, तर भेटीच्या कार्डावर ठळक अक्षरात ‘आकाशवाणी कलाकार’ छापणं. श्रेणी कोणती ते कार्डावर नसतं!

इथवर मी दर्दी लोकांची बाजू लावून धरली. आता थोडं त्यांच्याशी भांडतो.

आमच्या पंचक्रोशीत एक सनईवाले आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. सत्तरी ओलांडली आहे. थोरला मुलगा संबळ वाजवतो आणि हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. म्हाताऱ्यांचा सूर असा की एका लग्नात गोरज मुहूर्ताआधी त्यांनी मारवा धरला, तर आमचे क्लार्कसाहेब जेवणाची पंगत सोडून मांडवाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर म्हणाले, आत बसवेना. या सनईवाल्यांनी जन्मात स्वतःविषयी एक शब्द काढला नाही. आमचे सहाच्या सहा दर्दी त्यांच्या या गुणावर फिदा आहेत. ‘याला म्हणतात साधक,’ असं शिंपीदादा म्हणतात.

आणि साधकाच्या घरी लग्नसराईत सनई खुंटीला टांगलेली असते. वरातीला डीजे आला, त्याआधी बेंजो पार्टी आली. मंगलाष्टकांपुरती सनई लागते, ती लोक बिस्मिल्लाखाँची लावतात. पूर्वी कॅसेट होती, आता मोबाइल. बिस्मिल्लाखाँसाहेब २००६ साली गेले, पण आमच्या तालुक्यात दर मुहूर्ताला तेच वाजवतात, फुकट. त्यांचा काय दोष! पण आमचे सनईवाले जिवंत असून त्यांच्याशी स्पर्धा करणार कशी?

तर एक दिवस त्यांचा मुलगा माझ्याकडं आला. गावात बी. ए. झालेला कवी असला की त्याच्याकडं काय काय येतं म्हणून सांगू! वाढदिवसाच्या फ्लेक्सचा मजकूर, लग्नपत्रिकेतल्या चार ओळी, दशक्रियेचं निवेदन. मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, दादांचा फ्लेक्स करायचाय. चांगलं काहीतरी लिहा. सनईसम्राट घाला.’’ सोबत त्यानं एका बेंजो पार्टीच्या फ्लेक्सचा फोटो आणला होता, नमुन्याला. त्यात विजा होत्या, सिंह होता, आणि ‘महाराष्ट्राची शान’ होतं.

मी म्हटलं, आधी दादांना विचारू. गेलो. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं, सनईची पत्ती ओठात ओली करत बसले होते, ती काढली आणि म्हणाले, ‘‘सम्राटाला सुपारी कोण देणार? लोक बिचकत्याल.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘पर पोराचं बी खरं हाय. कळल्याबिगर येणार कोण?’’

दर्दी मंडळींना हे कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. फ्लेक्स म्हणजे आता हेही त्यातलेच झाले, असा सूर. मी त्यांना विचारलं, तुमच्यापैकी किती जणांनी पोरीबाळींच्या लग्नात यांना सुपारी दिली? एकानंही दिलेली नव्हती. मास्तर म्हणाले, घरची मंडळी ऐकत नाहीत हो. तेही खरंच असेल. पण मग कलावंतानं गप्प बसावं ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? आपण दाद द्यायची ती मांडवाबाहेर उभं राहून, आणि मोबदला द्यायचा तो डीजेवाल्याला. त्यानं आपली खबर आपण दिली की मात्र आपण चष्मा पुसायला घ्यायचा! मानितासच्या बाबतीतही मला हे वाटतं. आवर्तनाची तक्रार मला मान्य आहे, कोम्पास म्हणजे कोम्पास. पण फिरत्या गाडीत जन्मलेल्या माणसाकडं पहिल्यांदाच पैसा येतोय, तेव्हा त्यानं त्या दिव्याखालून बाजूला व्हावं, हे पोट भरलेल्या माणसानं सांगणं सोपं आहे. तो पैसाही त्याच्याकडं टिकला नाही. गोतावळा मोठा होता. २०१४ च्या नोव्हेंबरात माँपेल्येला तो गेला तेव्हा हात रिकामे होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पाको दे लुसिया गेला होता. तो तर जगभर वाजवला, जॅझवाल्यांबरोबर बसला, त्याचाही एक रुम्बा १९७०च्या दशकात घराघरांत वाजला. जुन्या दर्दींनी कुरकुर केली, पण कोम्पास त्याच्या हातून कधी सुटला नाही, म्हणून कुरकुरीच्या पुढं काही गेलं नाही. दुसऱ्या टोकाला दिएगो देल गास्तोर. मोरोन नावाच्या लहान गावात राहिला, व्यावसायिक तबकड्यांच्या वाऱ्याला फारसा उभा राहिला नाही, १९७३ ला वारला. त्याला ऐकायला परदेशातून लोक मोरोनला येऊन राहत. येणारे लोक होते, हे आपण विसरतो. माळेगावला कोण येऊन राहणार आहे?

फ्लेक्सचा मजकूर शेवटी मी लिहिला. सम्राट नाही, शान नाही. वर सनई-चौघडा एवढंच. खाली त्यांनी ज्यांच्याकडं विद्या घेतली त्या गुरूचं नाव, मग ज्या दोन देवळांत ते इतकी वर्षं काकड्याला वाजवतात त्यांची नावं, मग गाव, मग त्यांचं नाव, शेवटी मुलाचा मोबाइल. मुलाचं तोंड जरा उतरलं. त्याला निदान एक सिंह हवा होता.

तुळशीची लग्नं झाल्यावर फलटणच्या बाजूनं एक सुपारी आली, पूर्ण दिवसाची. आणखी एक आली होती, पण त्यांना सनईवाले फक्त प्रवेशद्वारावर फेटा बांधून फोटोपुरते उभे राहायला हवे होते, वाजवायला मोबाइल होताच. म्हाताऱ्यांनी ती परत केली. मुलगा दोन दिवस बोलला नाही. मग शिंपीदादांनी नातीच्या साखरपुड्याला बोलावलं. घरात कुरबूर झाली म्हणे, पण बोलावलं. त्या दिवशी दुपारी भीमपलासी ऐकला, तासभर, आणि कुणी उठलं नाही.

फ्लेक्स अजून नीरा रस्त्याच्या कडेला आहे. क्लार्कसाहेब रोज तिकडून फिरायला जातात. त्यांचं म्हणणं, मजकूर ठीक आहे, फोटो जरा मोठाच झाला. मी फ्लेक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्याहून लहान माप तो छापत नाही.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)